विन रेट पन्नास टक्के, तरी लॉबी रिकामी

लेव्हल डिझाइन (गेमचे मॅप आखणं) किंवा बॅलन्सच्या (बाजू आणि शस्त्रं तोलण्याच्या) कामात नव्याने शिरलेले बहुतेक जण एकच आकडा धरून बसतात: विन रेट. दोन्ही बाजू निम्म्या-निम्म्या जिंकतायत ना, मग मॅप बरोबर. हा हिशेब अर्धाच आहे. कॅरममध्ये हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा बोर्डावर बसतो, कारण कुठली सोंगटी चुकली ते त्याला कळलेलं असतं. मल्टिप्लेअर गेममधून माणूस कायमचा उठतो तो ‘काहीही केलं असतं तरी मेलोच असतो’ असं एका संध्याकाळी चार-पाचदा वाटल्यावर. हे विन रेटमध्ये दिसत नाही, सेकंदांत मोजावं लागतं. मरण्याआधी खेळाडूच्या हातात किती सेकंद होते? आणि मेल्यावर पुन्हा काही करण्यासारखं हाती यायला किती गेले?

नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेला ‘बॅटलफिल्ड २०४२’ यासाठी नीट अभ्यासावा. एका सामन्यात १२८ खेळाडू आणि त्यांच्यासाठी अवाढव्य मॅप. (त्यातला ‘डिस्कार्डेड’ हा मॅप तर गुजरातच्या अलंगचा, जहाजं मोडतात तिथला.) सुरुवातीला स्टीम या पीसी गेमच्या एकट्या दुकानावर एका वेळी लाखाच्या वर खेळाडू होते, काही महिन्यांत ते थोड्या हजारांवर आले. सगळा दोष मॅपचा नव्हता. बग होते, नेहमीचा स्कोअरबोर्डसुद्धा नव्हता. पण मार्च २०२२ मध्ये डाइस या स्टुडिओने मॅपबद्दलच्या तक्रारी स्वतःच जाहीरपणे मांडल्या: पळावं लागणारं अंतर, गर्दीचा गोंधळ, नजरेच्या लांब रेषा, वाटा आणि कव्हर, म्हणजे आडोसा.

ही पाचही दुखणी एकाच जागी येऊन मिळतात. सैनिक सेकंदाला ६ मीटर धावतो असं धरा. झेंडा, म्हणजे काबीज करायची जागा, तळापासून ४०० मीटरवर असेल तर गाडी न मिळालेला खेळाडू मिनिटाहून जास्त वेळ नुसता पळतो. मध्ये सपाट माळ, आडोसा नाही, बाजूच्या छतावर स्नायपर. सेकंदाभरात काम तमाम, आणि पुन्हा तेच मिनिटभर पळणं. मोठा मॅप जाहिरातीत छान दिसतो; कामावरून घरी येऊन तासभर खेळणाऱ्याला मात्र ती रोजची पायपीट होते. पुढे ‘कॅलिडोस्कोप’ आणि ‘रिन्यूअल’सारखे मॅप बदलले तेव्हा तळ आणि झेंडे जवळ आणले, जमिनीला चढउतार दिले, कव्हर वाढवलं. ‘ब्रेकथ्रू’ या प्रकारात तर १२८ खेळाडूंचा सामनाच काढून ६४ वर आणला. तिथे अडचण उलटी होती: सगळे एकाच जागेवर तुटून पडत, आणि त्या रेट्यात एकट्याने काय केलं याला काही अर्थच उरत नसे.

दाटी मोजायला सोपी आहे, भागाकार येतो ना, बस. पबजीचा एरँगल हा मॅप ८ बाय ८ किलोमीटर, म्हणजे ६४ चौरस किलोमीटर. १०० खेळाडू धरले तर चौरस किलोमीटरला दीड. सान्होक ४ बाय ४, तिथे सव्वासहा. मोबाइलवरचा लिविक २ बाय २ आणि ५२ खेळाडू, म्हणजे तब्बल १३. गेम तोच, बंदुका त्याच, पण खेळाचा स्वभावच पालटतो. मिरामार एरँगलएवढाच, पण उघडं वाळवंट. २०१८ मध्ये पीसीवरचे काही खेळाडू त्या मॅपची फाइलच डिलीट करत, म्हणजे तो लोड होणार नाही आणि आपण परत लॉबीत (सामन्याआधी थांबतात तिथे) येऊ. खेळाडूंनी यापेक्षा स्पष्ट प्रतिक्रिया देणं शक्य नाही. त्याच वर्षी मॅप निवडायची सोय आली, पण तिच्यातही एक सापळा आहे. समजा दोन प्रकारचे कॅमेरे (खेळाडूच्या डोळ्यांतून आणि त्याच्या पाठीमागून), सोलो-ड्युओ-स्क्वॉड असे तीन प्रकार आणि चार मॅप. गुणाकार केला की २४ रांगा होतात. ज्या प्रदेशात खेळाडू आधीच कमी, तिथे प्रत्येक रांग कायम अर्धी रिकामी. तेव्हा नावडता मॅप निवडीमागे लपवण्यापेक्षा काही काळ रोटेशनमधून (पाळीपाळीने येणाऱ्या मॅपमधून) काढून दुरुस्त करणं बरं.

सरासरी कशी फसवते ते पाहायला ‘ओव्हरवॉच’चे असॉल्ट मॅप घ्या. हनामुरा किंवा व्होल्स्काया: पहिल्या पॉइंटकडे (काबीज करायच्या जागेकडे) जायला जवळजवळ एकच अरुंद तोंड, आणि दुसरा पॉइंट बचाव करणाऱ्यांच्या स्पॉनला (मेल्यावर पुन्हा उतरायच्या जागेला) खेटून. पहिल्या ठिकाणी हल्ला करणारे त्या तोंडाशी अडून बसतात. दुसऱ्या ठिकाणी मेलेला बचावपटू काही सेकंदांत परत हजर होतो, हल्लेखोराला मात्र लांबून चालत यावं लागतं. त्यामुळे सामना एक तर पहिल्या धडकेत संपतो, नाहीतर तोंडाशी डोकं आपटण्यात जातो. या दोन कंटाळवाण्या टोकांची सरासरी पन्नास टक्के येऊ शकते, तक्त्यात सगळं आलबेल दिसतं. ‘ओव्हरवॉच २’च्या क्विक प्ले आणि कॉम्पिटिटिव्हमधून हा प्रकार वगळला गेला.

आता प्रत्यक्ष काम. आतंकवादी विरुद्ध सीटी (त्यांना रोखणारे) अशा लढतीच्या ‘काउंटर-स्ट्राइक २’बरोबर मॅप बनवायचा हॅमर एडिटर फुकट मिळतो, शिकायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही, कारण मापं ठरलेली आहेत. खेळाडू ३२ युनिट रुंद, ७२ उंच, वाकला की ५४. उभ्याने डोळा ६४ वर, वाकून ४६ वर. हातात चाकू असेल तर वेग सेकंदाला २५० युनिट, एके-४७ असेल तर २१५.

या आकड्यांवरून एक साधी पेटी ठेवून बघा. उंची ४८ ठेवली तर मागे वाकलेल्याचा डोळा ४६ वर, म्हणजे त्याला पलीकडचं दिसत नाही. पण डोकं ५४ पर्यंत जातं, म्हणजे पलीकडच्याला त्याचा माथा दिसतो. आपण लपलोय या समजुतीत तो गोळी खातो आणि गेमला शिव्या घालतो. तीच पेटी ५६ करा: वाकला की पूर्ण झाकला जातो, उभा राहिला की डोकं बाहेर आणि नजरही बाहेर. आठ युनिटचा फरक, पण मरण आता त्याच्या निर्णयाचं झालं. उभ्यासाठी ६४ ते ७२ मधली उंची अशीच दगा देते. भिंती, कठडे, पिंपं, सगळी या दोन पट्ट्यांतून (४६ ते ५४ आणि ६४ ते ७२) बाहेर काढा आणि मगच पुढे जा.

मग वेळा. फक्त राखाडी ठोकळ्यांचा मॅप तयार झाला की दोन्ही स्पॉनपासून प्रत्येक मोक्याच्या जागेपर्यंत धावून स्टॉपवॉच लावा. दर वेळी चाकू हातात ठेवूनच. एकदा चाकू, एकदा एके असं केलंत तर २५०० युनिटच्या वाटेवर १० आणि ११.६ सेकंद येतील आणि तुम्ही नसलेली चूक शोधत बसाल. हल्लेखोर एखाद्या तोंडाशी दीड सेकंद आधी पोचत असतील तर त्यांचा स्पॉन ३७५ युनिट मागे घ्या, भिंती पाडायच्या भानगडीत पडू नका. स्पॉनमधून सरळ दिसणाऱ्या लांब रेषा मात्र भिंत घालूनच तोडाव्या लागतात. डेव्ह जॉन्स्टन यांचा ‘डस्ट २’ हा २००१ पासूनचा लाडका मॅप, पण त्यातही आतंकवाद्यांच्या स्पॉनमधून थेट मिडच्या (मॅपच्या मध्यभागाच्या) दारात नेम धरता येई, आणि राउंड सुरू होताच ते दार ओलांडणारा एखादा खेळाडू मरून प्रेक्षक होऊन बसे. बऱ्याच वर्षांनी ती रेषा बंद केली गेली.

कोपऱ्यांकडे आपल्याकडच्या नेटवर्कच्या नजरेने बघा. मोबाइल डेटावर १०० मिलिसेकंदांचा उशीर काही नवलाचा नाही, आणि तेवढ्यात २५० वेगाचा खेळाडू २५ युनिट सरकतो. त्याची रुंदी ३२. म्हणजे कोपरा धरून बसलेल्याला समोरचा दिसेपर्यंत तो जवळजवळ अख्खा बाहेर आलेला असतो. धरून बसायची एकच जागा ठेवली असेल तर तिथला बिचारा रोज असाच मरणार. मागे सरकायला आणि तिरकं उभं राहायला वाव द्या.

शस्त्रांच्या बॅलन्समध्येही विन रेट असाच आंधळा असतो. सगळ्यांच्याच हातात तीच बंदूक असेल तर तिचा विन रेट पन्नास टक्क्यांच्या आसपासच येणार, तो नुसता गणिताचा भाग आहे. डिसेंबर २०१५ मध्ये ‘सीएस:गो’मध्ये (‘काउंटर-स्ट्राइक २’च्या आधीच्या गेममध्ये) आर८ रिव्हॉल्व्हर आलं: किंमत गेममधले ८५० डॉलर, आणि छातीवरच्या एका गोळीत माणूस आडवा, जे काम करायला एडब्ल्यूपी या स्नायपर रायफलचे ४७५० मोजावे लागत. ते इतकं उघड होतं की काही दिवसांतच त्याची धार कमी केली. अवघड असतं ते हळूहळू मुरणारं दुखणं. ऑक्टोबर २०१८ मध्ये एसजी ५५३ या रायफलची किंमत ३००० वरून २७५० झाली. एके २७०० ची, म्हणजे स्कोप असलेली रायफल आता फक्त पन्नास डॉलरनी महाग. त्या आठवड्यात विशेष काही घडलं नाही. लोकांना उमगायला पुढचं वर्ष लागलं, आणि मग जो तो तीच घेऊ लागला. मग किंमत परत ३००० झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये तिची धारही कमी केली. म्हणून बदल केल्यावर विन रेटआधी पिक रेट (किती जण ते शस्त्र घेतात) बघा, आणि कुठलं शस्त्र लोकांनी घेणं सोडलं तेही.

आकडे किती विश्वासाचे, याला एक कच्चं सूत्र पुरतं: १ भागिले राउंडच्या संख्येचं वर्गमूळ. १०० राउंड खेळवले तर चूक दोन्हीकडे १० टक्क्यांपर्यंत, ४०० ला ५, २५०० ला २. मित्रांबरोबर दहा सामने खेळून ‘सीटीसाइड (सीटींची बाजू) ५४ टक्के’ म्हणून भिंत हलवणारे पुष्कळ भेटतात. दहा सामने म्हणजे जेमतेम सव्वादोनशे राउंड, चूकच सातेक टक्के. एवढ्या कमी खेळात आकडे सोडा, माणसं बघा. प्रत्येक मरणानंतर एकच प्रश्न विचारा, ‘गोळी कुठून आली कळलं का?’ तीनदा ‘नाही’ आलं की त्या जागेवर खूण.

नोकरीसाठी पोर्टफोलिओ करताना पाच चकचकीत मॅप लावू नका. पुण्यात उबीसॉफ्ट आहे, ‘इंडस’ बनवणारी सुपरगेमिंग आहे. लेव्हल डिझायनर घेणाऱ्या कुठल्याही स्टुडिओला एकच राखाडी मॅप आणि त्याच्या तीन आवृत्त्या जास्त सांगून जातात. टेक्श्चर अजिबात नको. सोबत एक शीट जोडा, रकाने असे: जागा, मरण्याआधीचे सेकंद, परत पोचायचे सेकंद, ‘कळलं नाही’ किती जण म्हणाले, काय बदललं, आणि बदलल्यावर तेच आकडे. एखाद्या ओळीत बदलानंतर आकडा बिघडला असेल तर ती ओळ काढू नका. मुलाखतीत बहुधा तिच्यावरच बोट ठेवून विचारतात.