प्रिंटवर रेघा, फोटोत हिरवे चेहरे: हेड क्लिनिंग मारण्याआधी काय तपासावं

जूनचा महिना, ॲडमिशनची घाई. आमच्या सेवा केंद्रासमोर दहा-बारा पोरं-पोरी उभी आणि पासपोर्ट फोटोत सगळ्यांचे चेहरे हिरवट. मी हेड क्लिनिंग मारलं, म्हणजे इंकजेट प्रिंटरच्या ज्या भागातल्या बारीक छिद्रांतून (नोझल) शाई पडते, त्या हेडची प्रिंटरकडूनच होणारी सफाई. पुन्हा मारलं. सात वेळा मारून झालं तेव्हा टाकीतली शाई डोळ्यांना दिसेल इतकी उतरली होती आणि फोटो जसेच्या तसे. त्यातली एक पोरगी दोन बस बदलून आली होती. तिला परत पाठवावं लागलं, ते अजून मनातून जात नाही. रात्री प्रिंटर बंद करून तसाच ठेवला. सकाळी एका क्लिनिंगमध्ये रंग परत आले. गुलाबी शाईच्या वाटेत हवा शिरली होती आणि मी क्लिनिंगवर क्लिनिंग मारून तिला बसायला वेळच देत नव्हतो. एक नोझल चेक, म्हणजे छिद्रं तपासायचा चाचणीचा कागद, काढला असता तर नेमका कोणता रंग गेलाय हे तिथल्या तिथे कळलं असतं.

म्हणून पहिलं काम हेच. कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मेंटेनन्स’ नावाचा भाग असतो, तिथून नोझल चेक काढा. कागदावर काळा, निळा, गुलाबी, पिवळा अशा चार रंगांच्या बारीक रेघांची जाळी येते. रेघ जिथे तुटते, तिथलं छिद्र शाई टाकत नाही. पिवळ्यात मात्र फसायला होतं. पांढऱ्या कागदावर पिवळी तुटलेली रेघ दिसतच नाही. निळ्या पारदर्शक प्लास्टिकची फाईल असते ना, कागदपत्रं ठेवायची, ती त्या कागदावर ठेवून पाहा. पिवळं काळपट होतं आणि तुटक्या जागा लगेच नजरेत भरतात.

जाळी पाहण्याआधीही फोटो थोडं सांगतोच. गुलाबी गेला की चेहरा हिरवट, पिवळा गेला की जांभळट, निळा गेला की केसांच्या काळ्यातसुद्धा लाली उतरते.

जाळी पूर्ण आली तर क्लिनिंग मारू नका. दोष दुसरीकडे आहे. अक्षरं दुहेरी किंवा उभी रेघ वाकडी येत असेल तर त्याच ‘मेंटेनन्स’मधून हेड अलाइनमेंट, म्हणजे हेडची रेषा जुळवणी, करा. सारख्या अंतरावर आडवे पट्टे येत असतील तर आधी कागदाची सेटिंग पाहा: फोटो पेपर लावून सेटिंग साध्या कागदाची राहिली असेल तर पट्टे येणारच. क्वालिटी ‘ड्राफ्ट’वर, म्हणजे घाईच्या कच्च्या छपाईवर, राहिली आहे का, तेही बघा. ‘बायडायरेक्शनल’ किंवा ‘हाय स्पीड’ची खूण काढली की हेड एकाच दिशेने जाताना छापतं, वेळ लागतो, पण छपाई स्वच्छ येते. शाई फुटल्यासारखी पसरत असेल तर कागद ओलसर आहे. आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो आणि कागदाचं रीम नेमकं त्याच्याच समोर पडलेलं असतं. रीम प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.

जाळी तुटकी आली तरच क्लिनिंग, आणि एकदाच. लगेच दुसरा नोझल चेक काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. सगळं निदान इथेच होतं. तुटक्या जागा कमी झाल्या तर आणखी एकदा करायला हरकत नाही. जागा बदलल्या, म्हणजे आधी इथे तुटत होतं आणि आता तिथे, तर बहुतेक वेळा हवा शिरलेली असते किंवा शाई पुरेशी पोचत नसते. अशा वेळी थांबणं हाच उपाय. तुटक्या जागा अगदी त्याच राहिल्या तर शाई वाळून बसली आहे. तीनदा करूनही फरक नसेल तर प्रिंटर बंद करून ठेवा. एप्सनच्या बऱ्याच टाकीवाल्या मॉडेलच्या पुस्तिकेत किमान १२ तास थांबायला सांगितलं आहे. गिऱ्हाईक समोर उभं असताना हे जड जातं, पण त्याला उद्या या म्हणणं शाई ओतत राहण्यापेक्षा बरं.

एवढ्याने नाही जमलं तर ‘पॉवर क्लिनिंग’, म्हणजे नळ्यांतली शाईच बदलणारी मोठी सफाई. टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या नसतील तर ते करूच नका, नळ्यांत आणखी हवा जाईल. शिवाय क्लिनिंगची शाई हवेत विरत नाही, ती प्रिंटरच्या पोटातल्या वेस्ट इंक पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत, जाते. पॅड भरला की दिवे लुकलुकतात आणि प्रिंटर छापायचंच थांबतो.

तुमचा प्रिंटर कार्ट्रिजवाला असेल आणि छिद्रं कार्ट्रिजच्याच तळाशी असतील, तर काम सोपं आहे. कार्ट्रिज काढा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर कोमट करा, चष्म्याचं स्वच्छ फडकं त्यात भिजवून पिळा आणि छिद्रांची बाजू त्यावर हलके टेकवा. घासू नका. फडक्यावर शाईचे ठसे स्पष्ट उमटेपर्यंत टेकवत राहा. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातला क्षार छिद्रांतच बसतो. सुई-टाचणी तर अजिबात नको, आणि तांब्याच्या पट्ट्यांना बोट लावू नका. या जातीची हेडं शाई तापवून थेंब फेकतात. शाई नसताना छपाई चालू ठेवली तर हेड जळतं, मग कुठलीच सफाई उपयोगाची नाही.

आता आपल्याकडचं खरं दुखणं. हेड काम संपलं की उजव्या कोपऱ्यात जाऊन एका रबरी टोपीवर बसतं, म्हणजे शाई वाळत नाही. छापता छापता लाईट गेली की ते मधेच उघडं राहतं. बहुतेक इंकजेट ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले आहेत, आणि आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या छपराखाली उघड्या हेडवरची शाई किती टिकणार? म्हणून लाईट आली की प्रिंटर चालू करा, हेड जागेवर जाऊ द्या, आणि काम नसेल तर प्रिंटरच्याच बटणाने बंद करा. दिवा विझल्यावरच बोर्डाचं बटण. इंकजेटला पंख्यापेक्षाही कमी वीज लागते, घरचा इन्व्हर्टर त्याला सहज पुरतो. कापसाच्या दिवसांत हवेत तंतू उडतात, तेव्हा काम संपलं की वरून सुती कापड घाला.

प्रिंटर बंद पडून राहणंही वाईट. आमच्याकडे बुधवारचा बाजार असतो. त्या दिवशी सकाळी शटर उघडलं की पहिला नोझल चेक निघतो, त्यावर तारीख टाकून मी फाईलला लावतो. मागच्या बुधवारचा कागद शेजारी धरून पाहतो आणि मगच पहिल्या माणसाला फोटोसाठी खुर्चीत बसवतो.