शाळेची परदेश सहल : पासपोर्टच्या या चुका टाळा

सिंगापूरला निघालेल्या शालेय सहलीतली पासपोर्टची अडचण बहुधा विमानतळावर उघडी पडते. तिचे मूळ मात्र कित्येक महिने आधी वर्गात फिरलेल्या यादीत असते. त्या यादीत ‘पासपोर्ट आहे / नाही’ एवढाच रकाना असतो, वैधतेची तारीख कोणी विचारत नाही.

पालकांचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो, म्हणून मुलांचाही चालेल असे गृहीत धरले जाते. पंधरा वर्षांखालील मुलांना तो पाच वर्षांसाठी किंवा वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांतील जे आधी घडेल तोवरच मिळतो. त्यामुळे चौथीत काढलेला पासपोर्ट नेमका नववीत संपतो. त्यातच सिंगापूरला प्रवेशाच्या वेळी किमान सहा महिन्यांची वैधता शिल्लक लागते; म्हणजे मार्चमध्ये संपणारा पासपोर्ट दिवाळीच्या सुट्टीतल्या सहलीला, मुदत उलटलेली नसूनही, उपयोगाचा नाही. नवा पासपोर्ट काढला की क्रमांकही बदलतो, म्हणून तो हाती येण्याआधी व्हिसाचा अर्ज करू नये.

मुलाच्या पासपोर्टच्या अर्जासोबतच्या परिशिष्ट ‘डी’वर, म्हणजे पालकांच्या संमतीपत्रावर, आई-वडील दोघांच्याही सह्या लागतात. एकाची सही मिळण्यासारखी नसेल, तर परिशिष्ट ‘सी’ भरावे लागते. त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा.

दुसरी चूक खास आपल्याकडची आहे. हजेरीपटावर ‘देशमुख आर्या सचिन’ असे लिहिलेले असते आणि तिकिटे काढणारा तोच क्रम उतरवून घेतो. परिणामी तिकिटावर ‘सचिन’ हे आडनाव होऊन बसते. पासपोर्टवर वडिलांचे नाव मुलीच्या नावापुढे असेल किंवा नसेलही, त्यामुळे अंदाज उपयोगाचा नाही. फोटोच्या पानाच्या तळाशी बाणाच्या टोकांसारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात. त्यांतील वरच्या ओळीत सुरुवातीच्या ‘P<IND’ या अक्षरांनंतर आडनाव, मग दोन खुणा आणि त्यापुढे उरलेले नाव असते. तिकिटावरचे नाव तिथूनच, स्पेलिंगसकट उतरवावे. हजेरीपट सहलीपुरता कपाटात राहिला तरी बिघडत नाही.

गोळा केलेल्या पासपोर्टांना ओळखीच्या चिठ्ठ्या स्टेपलरने टोचू नयेत, कारण फाटलेले पान हरकतीला निमित्त ठरू शकते. प्रत्येकासाठी वेगळे प्लॅस्टिकचे पाकीट करावे, आणि पहिल्या व शेवटच्या पानाच्या छायाप्रती मूळ पासपोर्टांपासून वेगळ्या, दुसऱ्या शिक्षकांच्या बॅगेत ठेवाव्यात.