जुनं मळणी यंत्र जीपमागं बांधून नेताय? या चुका टाळा

गेल्या सुगीत दाजींनी सोलापूर जिल्ह्यातल्या वैरागकडून एक जुनं मळणी यंत्र घेतलं. मोहोळपर्यंत आणायला ट्रॅक्टर मिळेना, तर म्हणाले, "बोलेरो आहे की! पिन टाकायची आणि निघायचं. चाकं तर आहेतच त्याला." गावाबाहेरच्या पहिल्याच गतिरोधकावर पिन उडाली आणि यंत्र आपल्या वाटेनं चारीत जाऊन बसलं. समोरून कुणी येत नव्हतं, एवढंच नशीब. जेसीबीची वाट बघत बसल्यावर दाजींचा प्रश्न आला, "पोलिसानं धरलं असतं तर कशाबद्दल धरलं असतं?"

खरी चूक "चाकं आहेत तर" इथंच झाली. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये 'मोटार वाहन' या शब्दात ट्रेलरही धरलाय. आणि मोटार वाहनानं ओढलेलं किंवा ओढण्यासाठी केलेलं वाहन म्हणजे ट्रेलर. त्यातून फक्त सेमी-ट्रेलर (ज्याचा काही भार पुढच्या गाडीवर टेकतो तो) आणि साइडकार वगळलेत. म्हणजे मागच्या यंत्राला स्वतःचं इंजिन नसलं तरी कलम ३९ प्रमाणे त्याला नोंदणी लागते. जीपचा एमएच १३ नंबर त्याला पुरत नाही.

"अहो, हे वाहन नाही, अवजार आहे," असं म्हणता येईल. म्हणून बघा. पण २०१७ च्या वाहन चालविण्याच्या नियमांत रस्त्यावर ओढता येतील अशा गोष्टी मोजक्याच आहेत: बंद पडलेलं किंवा जुळणी अजून पूर्ण न झालेलं वाहन, नोंदणी असलेला ट्रेलर आणि साइडकार. यंत्र ट्रेलर असेल तर नोंदणी हवी, आणि ट्रेलर नसेल तर ते या यादीतच बसत नाही. दोन्हीकडून अडकलात. विनानोंदणी वाहन चालवल्याचा दंड कलम १९२ खाली पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १०,००० पर्यंत जातो.

मागं लाल फडकं आणि 'ऑन टो' (म्हणजे ओढून नेतोय) अशी पाटी लावली की सगळं कायदेशीर होतं, असा एक समज आपल्याकडं पक्का आहे. ती पाटी बंद पडलेल्या वाहनासाठी आहे. तुमचा ट्रॅक्टरच रस्त्यात बसला आणि दुसऱ्यानं गॅरेजपर्यंत ओढला, तर पाटी लावा: पांढऱ्यावर काळी, ७५ मिलिमीटर उंचीची अक्षरं. दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, दोर किंवा साखळी लांबून दिसणारी हवी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. मळणी यंत्राला यातलं काही लावून उपयोग नाही.

आता हूक. कंपनीनं दिलेला हूक चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढण्यासाठी असतो, टनभर लोखंड ३० किलोमीटर वाहण्यासाठी नाही. गाडीची पुस्तिका उघडा. कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नका, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. वेल्डिंगवाल्याकडून मागं ड्रॉबार, म्हणजे ओढायचा दांडा, ठोकून घेतला तर कलम ५२ मधला 'वाहनातला बदल' अंगावर येऊ शकतो. आणि ब्रेक? यंत्राला ब्रेक नसतातच. बोलेरो दीड टनाच्या वर. तिच्यामागं टनभर वजन असेल तर उतारावर ब्रेक दाबताच मागचं यंत्र पुढच्या गाडीला ढकलतं आणि जीप आडवी होते. आमची पिन उडाली ते एका अर्थी बरंच झालं म्हणायचं.

विम्याकडं कुणी बघत नाही. जीपची पॉलिसी जीपची असते. मागच्या बिननोंदणी यंत्रानं कुणाला उडवलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढं भरपाईचा बोजा थेट मालकावर येऊ शकतो. ट्रॅक्टरलाही हेच लागू: ट्रॉलीचा विमा वेगळा उतरवावा लागतो.

लोखंडी चाकांचं जुनं यंत्र असेल तर विचारच सोडा, रस्त्यावर हवेचे टायर लागतात. आणि रात्री तर नकोच. ऊस हंगामात पंढरपूर-अकलूजकडं बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या अंधारात कशा अचानक समोर येतात, हे तुम्हाला सांगायला नको.

मग न्यायचं कसं? चढवून. टेम्पोत चढलं की यंत्र माल होतं, वाहन राहत नाही. लहान असेल तर पिकअप, मोठं असेल तर आयशर, उचलायला हायड्रा क्रेन किंवा जेसीबी. टेम्पोवाल्याला आधी वजन आणि उंची सांगा. सोलापूर शहरातून जायचं असेल तर जड वाहनांच्या प्रवेशाच्या वेळा निघण्याआधी विचारून घ्या. रोटाव्हेटर किंवा पलटी नांगराची गोष्ट वेगळी: ते ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर उचलून नेतात. तिथं जपायचं ते रुंदीला, कारण दोन्ही बाजूंना बाहेर आलेले कोपरे दुचाकीवाल्याला दिसत नाहीत.

दाजींचं यंत्र त्याच संध्याकाळी आयशरमधून मोहोळला पोचलं. चारीतून काढायला जेसीबीवाल्यानं जेवढे घेतले, त्याहून टेम्पोचं भाडं कमी होतं.