अल्कोहोल-फिनॉलची नावं लिहिताना या चुका टाळा

बारावीच्या वह्या तपासताना एक गोष्ट हमखास दिसते: रचना बघितली की मुलं आधी सगळ्यात लांब साखळी शोधायला लागतात. नाव तिथंच चुकतं. आधी ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) ज्या कार्बनवर आहे त्याला पेन्सिलीनं गोल करा. मुख्य साखळीत, म्हणजे जिच्यावरून नाव ठरतं तिच्यात, तो कार्बन असलाच पाहिजे.

कागदावर काढून बघा. मधल्या कार्बनला दोन इथाइल गट, एक हायड्रोजन आणि एक सीएच2ओएच. एका इथाइलच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत पाच कार्बन भरतात, म्हणून ‘3-हायड्रॉक्सिमिथाइलपेन्टेन’ लिहून मुलं मोकळी होतात. पण त्या पाचांत ओएचवाला कार्बन नाहीच! त्याला धरून मोजलं तर चारच मिळतात. नाव होतं 2-इथाइलब्युटेन-1-ऑल. याच्या उलट चूक म्हणजे ‘1-इथाइलप्रोपेन-1-ऑल’. साखळी कागदावर वळली म्हणून मध्येच सोडली. खरं तर ते सरळ पेन्टेन-3-ऑल आहे.

दुहेरी बंध असला तरी क्रमांक ओएचच्या जवळच्या टोकाकडूनच. ब्युट-3-ईन-2-ऑल बरोबर, ब्युट-1-ईन-3-ऑल चूक. ‘आयसोप्रोपेनॉल’ही टाळा, कारण आयसोप्रोपेन नावाचा हायड्रोकार्बनच नाही. आयसोप्रोपाइल अल्कोहोल म्हणा, नाहीतर प्रोपेन-2-ऑल.

बेंझिनचं वलय आणि ओएच एकत्र दिसले की लगेच ‘फिनॉल’ लिहू नका. ओएच थेट वलयाच्या कार्बनवर हवा. मध्ये सीएच2 आला की ते फिनाइलमिथेनॉल, म्हणजे बेंझाइल अल्कोहोल. हा फरक नुसता नावाचा नाही: फिनॉल फेरिक क्लोराइडच्या उदासीन द्रावणाला जांभळा रंग देतं, बेंझाइल अल्कोहोल देत नाही. वलयावर ओएचसोबत सीओओएच, म्हणजे आम्लाचा गट, असेल तर नावात मान आम्लाला. म्हणून सॅलिसिलिक आम्ल हे 2-हायड्रॉक्सिबेंझोइक आम्ल, ‘2-कार्बॉक्सिफिनॉल’ नव्हे.

सरावाला माझं आवडतं उदाहरण ओव्याचं. ओवा चुरडला की जो उग्र वास येतो तो मुख्यतः थायमॉलचा. ओएचचा कार्बन 1, शेजारी आयसोप्रोपाइल, आणि आयसोप्रोपाइलच्या बरोबर समोर मिथाइल. एका बाजूनं मोजलं तर 2 आणि 5, दुसऱ्या बाजूनं 3 आणि 6. पहिला संच लहान, तोच घ्यायचा. आता मुलं गटही क्रमांकाच्या ओळीनं मांडतात, पण मांडणी इंग्रजी वर्णक्रमानं असते. आयसोप्रोपाइलला पद्धतशीर नावात प्रोपेन-2-इल म्हणतात. मिथाइलचा एम हा प्रोपेनच्या पी-आधी येतो, म्हणून 5-मिथाइल-2-(प्रोपेन-2-इल)फिनॉल.