टास्कबारवरचा क्रम रीस्टार्टनंतरही तोच ठेवायचा असेल तर

विंडोजमध्ये पिन न केलेले, म्हणजे टास्कबारवर (स्क्रीनच्या कडेच्या पट्टीवर) कायमचे न ठेवलेले अ‍ॅप उघडलेल्या क्रमाने बसते. म्हणून कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला की काल डावीकडे असलेला ब्राउझर आज उजवीकडे सापडतो आणि हात सवयीने चुकीच्या जागी जातो.

उपाय साधा आहे. रोज लागणारी अ‍ॅप्स टास्कबारवर पिन करा आणि माउसने ओढून हव्या त्या क्रमाने लावा. पिन केलेल्या अ‍ॅपची जागा ठरलेली असते. मग ते आधी उघडा की शेवटी. खरा फायदा कीबोर्डवर कळतो. विंडोज की दाबून धरून १ दाबले की पहिले अ‍ॅप, २ दाबले की दुसरे, असे ९ पर्यंत, दहाव्यासाठी शून्य. अ‍ॅप बंद असेल तर उघडते, चालू असेल तर समोर येते. पहिल्या चार-पाच जागा विचार करून ठरवा आणि नंतर त्यांना हात लावू नका. पंचवीस अ‍ॅप्स पिन करण्यात मात्र काही अर्थ नाही.

अ‍ॅपच्या आत उघडलेल्या टॅब, फोल्डर्स अशा गोष्टींची सोय वेगळी करावी लागते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑन स्टार्टअप’खाली मागचे टॅब पुन्हा उघडण्याचा पर्याय निवडा. फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘व्ह्यू’ टॅबवर आधीची फोल्डर्स लॉगिनला उघडण्याचा पर्याय आहे, त्यावर खूण करा. विंडोजच्या साइन-इन ऑप्शन्समधली अ‍ॅप्स आपोआप पुन्हा सुरू करण्याची सोय चालू ठेवायला हरकत नाही, पण सगळीच अ‍ॅप्स तिला दाद देत नाहीत.