मार्चअखेरचं गुलमर्ग: जुन्या मित्रांसोबत निवांत स्कीइंग कसं करावं

नागपुरात कूलर बाहेर काढायची वेळ होते, तेव्हा गुलमर्गच्या उतारांवर अजून बर्फ असतो. पन्नाशी ओलांडलेल्या आम्हा चार वर्गमित्रांना हाच काळ सर्वांत मानवला.

तयारी दोन महिने आधी सुरू करा. रविवारी रामटेकच्या पायऱ्या चढा आणि उतरताना घाई करू नका. स्कीवर सगळा भार मांड्यांवर येतो, आणि त्या तयार होतात उतरतानाच.

नागपूरहून दिल्लीमार्गे श्रीनगरला विमानानं जा. तिथून गुलमर्ग सुमारे 50 किलोमीटर. बाहेरचं प्रीपेड सिम काश्मिरात चालत नाही, म्हणून निदान एकाजवळ तरी पोस्टपेड हवं. शनिवार-रविवार टाळा. आपण 310 मीटरवरून थेट 2,650 मीटरवर जातो, तेव्हा पहिला दिवस नुसतं फिरा, पाणी भरपूर प्या.

आता खरी गोष्ट: वेळ. वसंतातला बर्फ रात्री गोठतो आणि सकाळी काचेसारखा टणक असतो. आम्ही स्कीइंगच्या पहिल्या दिवशी सकाळी आठलाच उतारावर उतरलो. स्की कुठेच धरेना, एक मित्र कमरेवर आपटला आणि उरलेला दिवस खोलीत पडून राहिला. दुसऱ्या दिवशी चहा-नाश्ता निवांत केला, दहाच्या सुमारास निघालो. तोवर उन्हानं वरचा थर जाड्या रव्यासारखा सैल झाला होता. त्यावर वळणं आपसूक बसतात, पडलं तरी फारसं लागत नाही. पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी मऊ होतो, तिथूनच सुरुवात करा. दुपारी बर्फ ओला, जड होतो, स्की रुतते आणि गुडघे पिरगळतात. तीव्र उतारांवर ओला बर्फ घसरून हिमस्खलनही होतं. एक वाजता थांबाच.

भाड्याचे बूट घेताना एकच पातळ मोजा घाला. गुडघा वाकवला की नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकली पाहिजे. टाच उचलली जात असेल तर बूट बदलून मागा, संकोच नको. गॉगल आणि सनस्क्रीन हवंच, बर्फावरून परतणारं ऊन हनुवटीखालूनही भाजतं.

नवशिक्यांसाठी खालचे सौम्य उतार आहेत. एक इन्स्ट्रक्टर चौघांत घ्या. वेग कमी करायला स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब ठेवा. तोल जातोय असं वाटलं तर बाजूला, चढाच्या अंगाला बसा. गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेतो, पण तिथले मोकळे उतार मुरलेल्यांचे. पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीला उतरा.

सगळ्यांत हळू जाणाऱ्याला पुढे ठेवा, बाकीच्यांनी मागून या. दर वळणाआड थांबायला मिळतं, आणि दहावीच्या सहलीपासून अर्धवट राहिलेल्या गप्पा तिथेच पुऱ्या होतात. आम्ही घरून संत्रा बर्फी नेली होती. स्की परत करून उन्हात बाकावर बसलो, कहवा मागवला आणि डबा उघडला. कमरेवर आपटलेला मित्र त्या दिवशी सहा वेळा उतरला होता.