मागे पडलेल्या वर्षांची वही

लग्नात जेवणाच्या पंगतीत मावशी हमखास विचारते, "काय गं, तुझं पुढं काय?" माझं वय ३७. बरोबरीच्या मैत्रिणींची पोरं दहावीला आली आणि मी आत्ता शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून बी.कॉम. करतेय. घरातल्या मारहाणीत ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना हा प्रश्न कुठं लागतो ते मला माहीत आहे. म्हणून मला ज्याचा उपयोग झाला ते सांगते.

मारहाण आजही चालू असेल तर हे पुढचं सगळं राहू द्या. आधी ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ लावा.

त्यातून बाहेर पडला असाल तर एक दोनशे पानी वही घ्या. डावीकडं साल लिहा, उजवीकडं त्या वर्षी तुम्ही खरोखर काय करत होता ते. "काहीच केलं नाही" असं लिहायचं नाही. माझ्या वहीत २००६ समोर आधी फक्त "बारावी नापास" होतं. मग आठवत गेले. संध्याकाळी सातपासून कान बोळाकडं. बाबांच्या एम-८० च्या आवाजावरून कळायचं, आज पिऊन आलेत की नाही. स्टँड लावताना गाडी दोनदा घसरली की धाकटीला माळ्यावर चढवायचं, गॅस बंद करायचा, आईला मागच्या दारानं शेजारच्या काकूंकडं धाडायचं. आठवड्यातून चार-पाच वेळा. त्याच वर्षी धाकटीला एसटीनं गडहिंग्लजला आत्याकडं पोचवलं, शिकवणीच्या साठवलेल्या पैशातून. पान भरलं तेव्हा मला कळलं, त्या वेळच्या मला हिशेबाच्या पुस्तकात डोकं घालायला वेळ होता कुठं?

एका बैठकीला एकच साल. आणि रात्री लिहू नका. मी एकदा अकराला बसले, पहाटेपर्यंत हात थरथरत होते. सकाळी चहा झाल्यावर, दार-खिडकी उघडी ठेवून बसा. अंगावर यायला लागलं की वही मिटा, पाय फरशीवर घट्ट टेकवा, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या.

दुसरी गोष्ट मला समुपदेशक ताईंनी सांगितली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेत आघातानंतरच्या आजाराचं एक लक्षण दिलं होतं: पुढचं आयुष्यच न दिसणं. नोकरी, संसार, म्हातारपण यातलं काही आपल्या वाट्याला येईल असं वाटतच नाही. ते ऐकून मी ढसाढसा रडले. तिशीतली मी मला कधी दिसलीच नव्हती, मग तिच्यासाठी फॉर्म कोण भरणार, पैसे कोण साठवणार? मी त्याला इतकी वर्षं आळस म्हणत होते.

म्हणून पाच वर्षांचे बेत सोडा. पंधरा दिवसांपुरतं ठरवा, एकच काम. माझं पहिलं होतं पोस्टात महिना १०० रुपयांचं आवर्ती खातं उघडणं. ते झाल्यावर पुढच्या पंधरवड्यात विद्यापीठात जाऊन नुसती चौकशी केली. फॉर्म त्याच्याही पुढच्या.

झोप उडणं, तीच तीच स्वप्नं, बारीक आवाजानं दचकणं हे महिन्याच्या वर गेलं असेल तर वहीवर भागवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आघातावरचे खास उपचार आहेत: ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं जुन्या आठवणींवर काम करणं) आणि आघातकेंद्री सीबीटी (बोलण्यातून आघाताशी जोडलेले विचार आणि वागणं बदलणं). "तुम्ही हे करता का?" असं पहिल्याच भेटीत विचारा. मी विचारलं नाही, आणि एका ठिकाणी नुसत्या झोपेच्या गोळ्यांवर माझे सहा महिने गेले.

मावशीसाठी एक वाक्य घरूनच ठरवून न्या. माझं असं: "कॉलेज चालू आहे मावशी, मेमध्ये परीक्षा." एवढं बोलून वाढप्याकडं वळायचं. जुनं काही उलगडून सांगायचं देणं आपण कुणाचं लागत नाही.

आणि त्या दिवसांत तुमच्याबरोबर असलेलं कुणी असेल, तर वहीतलं एक पान त्याला वाचायला द्या. मी २००६ चं पान धाकटीला दिलं, रंकाळ्याच्या कट्ट्यावर. तिनं वाचलं, पेन मागितलं आणि खाली लिहिलं: "माळ्यावर ताई माझ्यासाठी फुटाण्याची पुडी ठेवायची."